एका 'चा'मुळे मी ऑफ झालो

गेल्या वर्षी एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मी वारलो. त्या वेळी मी माथेरानला होतो आणि हवा फार छान होती.

माझ्या मरणाला जबाबदार कोण, याचा मी बराच विचार केला आहे. सुरुवातीला अप्पांवर आळ घेतला, मग कंपनीतल्या म्हात्रेवर. पण खरं सांगायचं तर गुन्हेगार मीच. मी अप्पांना इंग्रजी शिकवायला बसलो, तिथेच माझी घटका भरली!

अप्पा म्हणजे माझे वडील. सगळं आयुष्य पोशीरला भातशेतीत गेलं. आई गेल्यावर त्यांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून मी त्यांना नेरळजवळ शेलूला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. शेलूची हवा त्यांना मानवली, भाषा मानवेना. एकदा लिफ्टपाशी वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काका, लिफ्ट ऑफ आहे." अप्पा म्हणाले, "आसू दे, मना तिसऱ्या माळ्यावर जायचाय." आणि आत जाऊन उभे राहिले. वीस मिनिटं! शेवटी वॉचमनने हाताला धरून बाहेर काढलं.

घरी आल्यावर मला विचारलं, "सदा, ऑफ म्हंजे काय रं?"

आता मी काही साधा माणूस नाही. कुंभिवलीजवळच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात चौदा वर्षं स्टोअर सांभाळतो. रजिस्टरमध्ये 'रिसीव्हड' आणि 'इश्यूड' रोज लिहितो. (रिसीव्हडचं स्पेलिंग अजून नक्की नाही, पण अक्षर असं काढतो की कोणाला वाचता येत नाही.) मी ताबडतोब एक वही आणली आणि शिकवणी सुरू केली.

"अप्पा, ऑफ म्हणजे बंद. पंखा ऑफ झाला. फोन ऑफ झाला."

"हां."

"ऑफ म्हणजे सुट्टी पण. गुरुवारी माझा ऑफ असतो."

"हां."

"आणि मूड ऑफ. म्हणजे माणूस नाराज असला की."

अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. "आमी दिवा मालवतो, दुकान बंद करतो, सुट्टी घेतो, तोंड पाडतो. चार कामांना चार शब्द. त्या इंग्रजाकडं शब्दांचा येवढा दुष्काळ हुता काय रं?"

ऑफचा आणखी एक अर्थ आपल्याकडे सर्रास चालतो. माणूस गेला की आमच्या कंपनीत कोणी 'वारला' म्हणत नाही. 'ऑफ झाला' म्हणतात. तो अर्थ मी मुद्दाम गाळला. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. म्हटलं, नको.

अप्पांनी पाच-सहा दिवसांत वही भरली आणि घरभर ऑफ सुरू झालं. माधुरी, म्हणजे माझी बायको, कुकरची शिट्टी मोजत असली की अप्पा बाहेरून विचारायचे, "सूनबाई, गॅस ऑफ केलास का?" टीव्हीवर बातम्या संपल्या की स्वतःशीच म्हणायचे, "बातम्या ऑफ." मी कौतुकाने ऐकायचो.

मग तो गुरुवार आला. माझा शाळासोबती दशरथ माथेरानला चहाचं दुकान चालवतो. "कधी येतोस, कधी येतोस" म्हणून कित्येक महिने मागे लागला होता. माधुरीचं म्हणणं होतं की या सुट्टीला पडदे लावायचे. मी सकाळी लवकर गुपचूप सटकलो. वर पोहोचेपर्यंत माझ्या मोबाइलची बॅटरी संपली. माधुरी उठली, मी नाही हे बघून काय समजायचं ते समजली आणि एकटीच पडद्याचे रॉड आणायला नेरळच्या बाजारात गेली. घरात अप्पा एकटे.

बरोबर दहा वाजता कंपनीतून म्हात्रेचा फोन आला. म्हात्रे माझ्याच खात्यातला. त्याला लेबलांच्या कपाटाची चावी सापडत नव्हती. माझा फोन लागेना, म्हणून त्याने घरचा, म्हणजे अप्पांचा नंबर फिरवला. पुढचं संभाषण मला नंतर दोघांनीही स्वतंत्रपणे ऐकवलं आहे आणि त्यात एका शब्दाचाही फरक नाही.

"हॅलो, सदाभाऊ आहेत का?"

"नाय. सदा आज ऑफ झाला."

आता बघा. 'सदाचा ऑफ आहे' असं म्हणायचं, तर अप्पांनी पंख्याच्या आणि फोनच्या चालीवर 'सदा ऑफ झाला' केलं. एका 'चा'ने माझा जीव घेतला!

म्हात्रेच्या हातातला चहा सांडला. "क... कधी?"

"सकाळीच. आमी उठायच्या आत."

"अहो बाबा, काल तर चांगले होते! माझ्याशी बोलले, हसले!"

"काल चांगलाच हुता. जेवला, झोपला. सकाळी बघतो तर सदा ऑफ, फोन ऑफ, समदंच ऑफ!" (एका वाक्यात तीन! हे सांगताना अप्पांचा चेहरा अजून उजळतो.)

"आता... आता कुठे आहेत?"

"आता? वर गेला."

नेरळ-शेलूकडे 'वर' म्हणजे माथेरान. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण म्हात्रे पडला पेणचा!

"आणि वहिनी कुठे आहेत?" म्हात्रेने रडत विचारलं.

"बाजारात गेलीया. तिचा जरा मूड ऑफ हाय."

"आणि तुम्ही? तुम्ही सावरताय ना बाबा?"

"मी मजेत. आत्ताच पोहे खाल्ले."

म्हात्रेने फोन ठेवला आणि आमच्या देशमाने साहेबांना सांगितलं, "सदाभाऊ ऑफ झाले. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. वहिनींचं तर बोलूच नका."

दुपारी एकच्या सुमारास कंपनीचा टेंपो आमच्या बिल्डिंगखाली लागला. अकरा माणसं उतरली. कोणी पांढरा शर्ट घातलेला, देशमाने साहेबांच्या हातात हार. पॅकिंगमधल्या शिंदेबाई तर दारातच हंबरडा फोडून आत शिरल्या.

अप्पांना काय आनंद झाला! मुलाच्या कंपनीतली माणसं पहिल्यांदाच घरी येत होती. "या या, बसा! चहा टाकतो." ते गॅस पेटवायला उठले, तर शिंदेबाईंनी धावत जाऊन बटण फिरवलं. "आज या घरात चूल पेटवायची नाही, बाबा!"

"गॅस ऑफ," अप्पा म्हणाले. त्यांना वाटलं, बाई परीक्षा घेतायत.

देशमाने साहेबांनी अप्पांचा हात हातात घेतला. "बाबा, आम्ही आहोत तुमच्या पाठीशी."

"रडता कशापायी? उद्या येईल की तो कामावर!" अप्पा त्यांनाच समजावू लागले. त्यावर अकराच्या अकरा माणसांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या आणि रडण्याला नवा जोर चढला.

एवढ्यात माधुरी आली. एका हातात रॉड, दुसऱ्यात पिशवी. घरात ही गर्दी बघून तिने आधी अप्पांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसलेले, चांगले हसतमुख. मग म्हात्रे पुढे झाला. "वहिनी, धीर धरा."

"कशाला धीर धरू?"

म्हात्रेने फक्त हाराकडे बोट केलं.

इथे मात्र गंमत संपली. मी सकाळपासून घरात नाही, फोन बंद, माथेरानची वाट कड्याकपारीची. बिचारीला वाटलं, कंपनीला काहीतरी कळलंय आणि आपल्याला नाही. ती तिथेच जमिनीवर बसली. मला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिसऱ्यांदा तिला आकडेच दिसेनात, असं ती मला खूप दिवसांनी म्हणाली.

आणि त्याच वेळी मी, पोटभर जेवून, दशरथने दिलेली चिक्की खिशात घालून, शीळ वाजवत गेटातून आत आलो.

वॉचमन दुसऱ्या पाळीचा. घाईघाईने म्हणाला, "साहेब, लवकर वर जा. तुमच्याकडे कोणीतरी ऑफ झालंय!"

घरात म्हातारं माणूस एकच! तीन जिने कसे चढलो, ठाऊक नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत रडारड. मी जिन्यातूनच टाहो फोडला, "अप्पाऽऽऽ!"

आतून आवाज आला, "काय रं? मी हितंच हाय!"

मी दारात. मग शिंदेबाई किंचाळल्या, म्हात्रे हारावर बसला आणि मी धावत जाऊन अप्पांना मिठी मारून हमसून रडू लागलो. अप्पा माझ्या पाठीवर थोपटत सगळ्यांना म्हणाले, "बघा, मूड ऑफ झालाय त्याचा."

माधुरी उठली. माझ्याजवळ आली, माझा दंड दाबून बघितला. मग हातातल्या पडद्याच्या रॉडने मला जो एक दणका दिला, तो अजून थंडीत दुखतो. नंतर ती रडली.

उलगडा व्हायला अर्धा तास लागला. अप्पांनी वही आणली, वाक्यं वाचून दाखवली. अक्षर माझं नव्हतं, पण मास्तर कोण, हे सगळ्यांना कळलं.

सगळे गेल्यावर अप्पा गॅलरीत बसले होते. मला जवळ बोलावलं.

"म्हंजे ऑफ म्हंजे मेला, आसं बी हुतं?"

"होय अप्पा."

"मग मना शिकवलं कसं नाय?"

मी खाली बघत म्हटलं, "आईची आठवण येईल तुम्हाला, म्हणून."

अप्पांनी समोरच्या डोंगराकडे बघितलं. "लेका," ते म्हणाले, "तिची आठवण यायला इंग्रजी लागत नाय रं." मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "लिव त्यो बी अर्थ. अर्धवट शिकवू नको."

मी लिहिला.

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेलो, तर जो तो हात लावून बघत होता. जेवणाच्या सुट्टीत मी शिंदेबाईंना हळूच विचारलं, "काल टेंपोत माझ्याबद्दल काय काय बोलणं झालं हो?" माणसाला हे ऐकायची संधी कुठे मिळते!

शिंदेबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "आधी तुमचं काम कोणाकोणाला द्यायचं ते ठरवलं. ते चौक गाव यायच्या आतच वाटून झालं. मग साहेब म्हणाले, आता सगळ्यांनी सदाभाऊंच्या चांगल्या गोष्टी आठवा."

"मग?" मी सरसावून बसलो.

"मग काय, शेलू अजून बरंच लांब होतं. वाटेत थांबून वडापाव खाल्ले."