गोलमागे उभ्या राहिलेल्या अक्का

नागमणीअक्का रिक्षात बसल्या की डोळे मिटून घेत. समोरून ट्रक आला तर तो आपल्याला दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा. पाल, अंधार, वीज, पोलिसांची शिट्टी, दारात आलेला अनोळखी माणूस, सगळ्याचीच त्यांना धास्ती. भवानी पेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. कुकरची शिट्टी अडली तरी भिंतीपलीकडून हाक यायची, "सुनंदा, ये की गं! ह्यो फुटतोय बघ!"

अक्का चादरींचे काठ शिवायच्या. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. नवरा लवकर गेला, एकुलता एक श्रीनिवास कॉलेजच्या फुटबॉल संघात गोलकीपर होता. त्याचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. "माझ्यानं बघवायचं न्हाय. चेंडू न्हाय गं त्यो, धोंडा हाय," म्हणायच्या.

त्या वर्षी अंतिम सामना शहरातल्याच दुसऱ्या कॉलेजशी होता. दोन्हीकडच्या पोरांचं जुनं हाडवैर. आदल्या वर्षी मारामारी होऊन एकाचं डोकं फुटलं होतं. ते कळल्यापासून अक्कांना घास गिळेना. सामन्याच्या दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. "चल माझ्यासंगं. घरात बसले तर जीव जाईल माझा."

मैदानाला कुंपण नव्हतं. श्रीनिवासच्या गोलच्या मागे मातीचा उंचवटा होता आणि तो विरुद्ध कॉलेजच्या पोरांनी भरला होता. ढोल, शिव्या, त्याच्या आईवरून घोषणा. अक्कांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. मलाही तिथून निघून जावंसं वाटत होतं.

शेवटी शेवटी विरुद्ध संघाला पेनल्टी मिळाली आणि श्रीनिवासनं ती अडवली. आमच्या बाजूनं एकच जल्लोष झाला. उंचवट्यावरचा ढोल मात्र थांबला. मग पहिला दगड आला, गोलच्या खांबावर आदळला. श्रीनिवासला गोंगाटात ऐकूच आलं नाही. तो पुढचा चेंडू बघत होता.

माझं मनगट मोकळं झालं. पाहते तर अक्का मैदानाच्या कडेनं पळत होत्या, पदर खोचून, एक चप्पल वाटेत टाकून. मी मात्र जागची हलले नाही. अक्का गोलच्या जाळीला पाठ लावून उंचवट्यावरच्या पोरांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले होते. "बाबांनो, नका रे, नका," एवढंच त्या म्हणत होत्या. एक दगड त्यांच्या खांद्याला लागला. त्या वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या.

"ए, बाई हाय ती! थांबा!" त्या गर्दीतूनच कुणीतरी ओरडलं. दोघं-तिघं पुढं होऊन बाकीच्यांचे हात धरू लागले. तेवढ्यात पोलीस धावत आले. पंचांनी सामना तिथंच थांबवला.

श्रीनिवास वळला तेव्हा त्याला आई दिसली. "अम्मा, तू हितं?" तो पांढराफटक पडला.  अक्का मटकन खाली बसल्या आणि त्याचे पाय चाचपू लागल्या, गुडघे, पोटऱ्या, कुठं लागलंय का म्हणून.

त्यानंतर अक्का धीट झाल्या असं काही नाही. खांदा बरा झाला, पण फटाका वाजला की त्या आमच्याच घरात येऊन बसायच्या.

गेल्या वर्षी अक्कांचं हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा मी इतक्या वर्षांनी विचारलं, "अक्का, त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"वाटली की. लई वाटली. हातपाय गार पडले होते." थोडा दम खाऊन म्हणाल्या, "पण पोरगं पाठमोरं होतं गं. त्याला दगड दिसला नसता."

मी निघाले तशी त्यांनी माझा हात धरला. "हितं रात्री दिवा बंद करतात. नका करू म्हणून सांग की."

मी सिस्टरांना सांगितलं. त्यांनी दिवा चालू ठेवला. पहाटे अक्का गेल्या तेव्हा तो चालूच होता, असं श्रीनिवास म्हणाला.