मेहेरबाईंचा आकडा

मेहेरबाईंच्या पाचवीच्या वर्गात हजेरीच्या आधी आकडा. नवोदयच्या प्रवेश परीक्षेला बसणारं प्रत्येक पोर उभं राहून सांगायचं, पुढच्या सराव पेपरात मी इतके आणणार. कुणी छाती काढून "शंभर!" म्हणालं की बाई खो खो हसत. "उगा उड्या मारू नको. मागच्यापेक्षा दोन जास्त बोल, आनि बोललास तं आन." आकडा हुकला तर कारण सांगायचं नाही. पेन बंद पडलं, पोटात दुखलं, काही म्हणजे काही चालत नसे.

मी बोईसरच्या कॉलनीत वाढलेली, घाटावरच्या घरातली. माकुणसारकडच्या त्या शाळेत नवीन लागले तेव्हा मला हा प्रकार मुळीच आवडला नव्हता. एवढ्याएवढ्या पोरांना कसले आकडे! पण त्या वर्गातली पोरं पेपरला घाबरत नाहीत, हे चार महिन्यांत दिसलं आणि मी मुकाट्यानं तोंड मिटलं.

मग जुन्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा पास करावी लागेल, नाहीतर घरी बसावं लागेल, असा कोर्टाचा आदेश आला. बाईंच्या नोकरीची अजून सहा-सात वर्षं बाकी, म्हणजे सूट नाही. दातिवऱ्याची ही बाई, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. त्या दिवशी मात्र डबा न उघडताच बसून राहिली. "आयुष्य गेलं शिकवन्यात. आता मी लायक हाय का नाय ते पेपर सांगनार!"

पोरांच्या कानावर ते गेलंच. दुसऱ्या दिवशी दर्शना उभी राहिली. "बाई, तुमाला पन परीक्षा हाय ना? मंग आकडा बोला की." मी दारातच होते. बाईंनी पदर खोचला. "घरी पेपर सोडवला, दीडशेत एकाहत्तर पडले. नापास हाय मी. आता त्र्याहत्तर आननार."

तयारी माझ्याकडे आली. गणितात बाई वाघीण. घोडं अडायचं बालमानसशास्त्रात. मूल रडत असेल तर शिक्षकाने प्रथम काय करावे? बाई चारही पर्याय वाचून पेन खाली ठेवत. "आदी पोर उपाशी हाय का ते इचारायचं. हितं ते दिलंच नाय."

"बाई, दिलंय त्यातलंच निवडायचं असतं!"

"मंग पेपर काढनारा कदी वर्गात उभा ऱ्हायला होता का, बाय?"

बाईंचंच बरोबर होतं आणि मार्क जात होते बाईंचेच. शेवटी मी चिडून म्हटलं, "वर्गात तुमचं खरं, पेपरात त्याचं खरं!" ते मात्र पटलं. दर आठवड्याला वर्गासमोर नवा आकडा सांगत सांगत बाई खऱ्या परीक्षेच्या वेळी पंचाण्णववर पोचल्या.

निकाल लागला, बाई पास झाल्या. शिक्षकांनी पेढे मागवले. बाई पेढा हातात तसाच धरून वर्गात गेल्या, मी मागोमाग. "पोरांनो, आकडा हुकला. ब्याण्णव आले. तीन कमी पडले." बस्, एवढंच. मी असते तर आधी पास झाल्याचंच सांगितलं असतं.

दर्शना हळूच म्हणाली, "मंग आता तुमी जानार, बाई?"

"जाते कुटं! पास हाय मी!"

बाकं ओलांडून अख्खा वर्ग बाईंना येऊन बिलगला. आणि साऱ्या शाळेला एका हाकेत गप्प करणाऱ्या आमच्या बाईंच्या तोंडून "बसा खाली" एवढंही फुटेना.