डाव्या खिडकीतला क्लेटस

क्लेटस स्ट्राउडचं नाव काढलं की माझं डोकं आजही तडकतं, तेव्हा आधीच सांगते, मी दोन्ही बाजूंनी वगैरे बोलणार नाही. मी ओपल बॉयर, ब्लेकलीची स्टेशनमास्तर. तिकिटं, तारा, भांडणं, सगळं मीच बघायचे. आणि डेलमार हा माझा धाकटा भाऊ, आमच्या त्या दीडदमडीच्या रेल्वेवरचा फायरमन. त्यानं लग्न केलं नाही, मीही केलं नाही, आम्ही दोघं एका घरात राहतो.

रेल्वे म्हणजे काय हो, ब्लेकलीपासून उत्तरेला खडीच्या खाणीपर्यंत जेमतेम वीसेक मैल रूळ, त्यात अर्ध्या ठिकाणी गवत. कागदोपत्री क्लेटस ड्रायव्हर, डेलमार कोळसा टाकणारा. पण सोमवार ते शनिवार खडीची गाडी निघाली की पहिल्या वळणाच्या आत क्लेटस म्हणायचा, "डेल, धर रे जरा, पाठ धरलीय," आणि फायरमनच्या डाव्या बाकावर टोपी तोंडावर ओढून घोरायला लागायचा. मग डेलमारच कोळसा टाकायचा आणि डेलमारच गाडी हाकायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, मालकालासुद्धा.

रविवारी मात्र क्लेटसची पाठ ठणठणीत! ऑक्टोबरात झाडं लाल झाली की दर रविवारी सेंट लुईसहून रेल्वेवेडे यायचे. कोणी दातांचा डॉक्टर, कोणी बँकेतला कारकून, गळ्यात दोन-दोन कॅमेरे, आणि आमच्या खटाऱ्यात बसायला चक्क पैसे मोजायचे. त्या दिवशी क्लेटस मिशीला मेण लावून, गळ्यात इस्त्रीचा लाल रुमाल बांधून उजव्या खिडकीत कोपर टेकून बसायचा. मी तिकिटं फाडता फाडता त्याच्याकडे बघायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या लोकांची एक रीत होती. ओढ्याच्या पुलापाशी गाडी थांबवायची, सगळ्यांनी उतरून रुळांपासून लांब एका ओळीत उभं राहायचं. मग रिकामी गाडी पार मागं न्यायची आणि काळा धूर सोडत, शिट्टी वाजवत, धडधडत पुलावरून आणायची. त्या पाच-दहा क्षणांसाठी सगळा खटाटोप. ओळीच्या पुढं कोणी पाऊल टाकलं की पाठीमागून शिव्या. मला एकानं माझ्याच स्टेशनात म्हटलं होतं, "बाई, बाजूला व्हा ना, फोटोत येताय!"

आणि ऊन कायम पाठीशी हवं. गाडी सकाळी उत्तरेला जायची, ऊन पूर्वेचं, म्हणून सगळे कॅमेरे उजव्या अंगाला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. धूर डेलमारनं काढायचा, घाम डेलमारनं गाळायचा आणि फोटो क्लेटसचा! रेल्वेवेड्यांचं मासिक स्टेशनात आलं की क्लेटस ते खाणीतल्या पोरांपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना दाखवत हिंडायचा. डेलमार तेच मासिक घरी आणून एकेक पान निरखायचा. एकदा त्याला एका फोटोत स्वतःच्या फावड्याचा दांडा सापडला, तोही अर्धा.

"मिशीला मेण लावलं की झाला ड्रायव्हर," असं तो जेवताना म्हणायचा.

"तू पण ठेव ना मग मिशी."

"माझ्याकडे बघतंय कोण?"

हे असं वर्षानुवर्षं चाललं. मग मालकानं डिझेलचं इंजिन घेतलं. जुनं इंजिन भंगारात जाणार, क्लेटस निवृत्त होणार. डिझेलला फायरमन लागत नाही, म्हणून डेलमारला खाणीच्या वजनकाट्यावर बसवणार. ऑक्टोबरातला शेवटचा रविवार ही वाफेची शेवटची गाडी. डेलमारचं जेवणावरून मन उडालं.

"ओपल, मला एकच फोटो हवाय गं," तो म्हणाला. "मी त्या इंजिनावर होतो, एवढं दिसू दे. बास."

त्यानं क्लेटसला जाऊन विचारलंही. उजव्या खिडकीत एकदाच बसू दे, फक्त पुलावर. माझ्या देखत क्लेटस काय म्हणाला ऐका. "डेल, लोक कोणाला बघायला येतात? तुझं थोबाड बघून कॅमेऱ्याची काच तडकायची!" आणि हसला मेला, पोट धरून.

मी त्याच क्षणी ठरवलं. अहो, ऊन काही क्लेटसच्या बापाचं नव्हतं. दुपार झाली की ते पश्चिमेला जातं, आणि मग कॅमेऱ्यांना डाव्या अंगाला यावंच लागतं. गाडी सोडणं माझ्या हातात होतं. शेवटच्या रविवारी मी पाहुण्यांचं जेवण रांधणाऱ्या चर्चच्या बायकांना म्हटलं, कोंबडी सावकाश तळा, घाई नाही. वाटेतल्या जेवणाचे डबे चढल्याशिवाय गाडी सोडायची नाही असा नियमच होता. क्लेटस खिडकीतून घड्याळ दाखवत ओरडत होता, "ओपल, अगं सोड ना!" मी म्हटलं, "उपाशी नेऊ का पाहुण्यांना?" डेलमारला मी घरीच सांगून ठेवलं होतं, तोंड धू आणि खिडकी सोडू नकोस.

गाडी सुटली तेव्हा दुपार उलटली होती. डबे वाटायच्या निमित्तानं मीही चढले. पुलापाशी सगळे उतरले, रेल्वेवेड्यांच्यातल्या त्या दातांच्या डॉक्टरनं आभाळाकडे बघितलं आणि हात केला, "सगळे डावीकडे!" माणसं कॅमेरे सावरत रूळ ओलांडून गेली. मी इंजिनापाशीच उभी होते. डाव्या खिडकीत माझा डेलमार, तोंड धुतलेला, कॉलर सरळ केलेला. शप्पथ सांगते, मला रडू यायला लागलं.

क्लेटसच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला नाही. उजवीकडे चिटपाखरू नाही म्हटल्यावर तो उठला.

"ऊठ तिथून," तो डेलमारला म्हणाला. "तू गाडी चालव."

"का? पाठ धरली का?" डेलमारनं विचारलं.

"जास्त बोलू नकोस. माझ्या इंजिनावर मी सांगेन तिथं बसायचं."

आणि माझा भाऊ उठला. अर्धं आयुष्य ऐकायची सवय, उठला बिचारा. क्लेटसनं डाव्या खिडकीत कोपर टेकलं, रुमाल सारखा केला.

गाडी मागं गेली आणि परत आली. काय आली म्हणून सांगू! धूर असा की झाडं दिसेनात, पूल थरथरत होता, शिट्टी लांब, शेवटी खाली उतरत जाणारी, डेलमारची. पण पलीकडच्या बाजूला. इकडून दिसत होता तो क्लेटस, मिशीसकट. कॅमेरे कडाकडा वाजले. मला वाटलं, हातातली कोंबडीची टोपली फेकून मारावी.

एवढ्यात मासिकाचा माणूस वही घेऊन माझ्यापाशी आला. "बाई, आत्ता गाडी कोण चालवत होतं?"

"डेलमार बॉयर," मी म्हटलं.

"आणि डाव्या खिडकीत?"

"क्लेटस स्ट्राउड."

मी एक अक्षर खोटं बोलले नाही. बाकी त्यानं स्वतःच लिहिलं. डाव्या खिडकीत कोण बसतं हे त्या लोकांना झोपेतसुद्धा ठाऊक असतं.

नाताळाच्या आधी मासिक आलं. पानभर फोटो, आणि खाली छापलेलं : 'वाफेची शेवटची गाडी. ड्रायव्हर डेलमार बॉयर (दिसत नाहीत). खिडकीत फायरमन क्लेटस स्ट्राउड.'

क्लेटस लालबुंद होऊन स्टेशनात आला. "मी फायरमन? मी?"

"मला बाईमाणसाला काय कळतंय," मी म्हटलं. "बसला कुठं होतात तुम्ही?"

मला वाटलं, डेलमार आनंदानं नाचेल. त्यानं फोटो पाहिला आणि म्हणाला, "परत त्याचंच थोबाड." मग खालच्या ओळी वाचल्या. परत वाचल्या. कात्री मागितली.

परवा क्लेटसच्या आजारी बायकोला बघायला गेले होते. त्यांच्या बैठकीत तो फोटो काचेत लावलाय, खालच्या ओळी कापून. आमच्याकडे त्या ओळी काचेत आहेत, वरचा फोटो कापून. मी तिथून घरी आले की डेलमार दर वेळी विचारतो, "अजून लावलाय का गं त्यानं?" मी हो म्हणते, आणि त्या रात्री तो ताटातलं अर्धं तसंच टाकतो.