निवृत्तीची लाल चिंधी

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. कुणी निवृत्तीचं नाव काढलं की मी पाऊसपाण्यावर बोलायला लागायचो.

निवृत्ती आमच्या द्राक्षबागेत फवारणी करायचा. बायकोच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या त्याच्या कमरेला खोचलेल्या असत. ज्या ओळीवर औषध मारलं, तिच्या पहिल्या खांबाला चिंधी बांधल्याशिवाय तो चूळही भरत नसे. चिंधी असेपर्यंत त्या ओळीतला मणी कुणी तोंडात टाकायचा नाही. म्हणायचा, "द्राक्ष मुकं हाय, अण्णा. त्याच्या वतीनं चिंधी बोलती."

मी मळ्यात चार खोल्या बांधून पर्यटन सुरू केलं, तेव्हा त्यालाच फेटा बांधून बैलगाडीवर बसवलं. मुंबईच्या एका बाईंनी बैलांची नावं विचारली. "डावा साहेब, उजवा हेडक्लार्क," तो गंभीरपणे म्हणाला, "गाडी हेडक्लार्कच ओढतो."

एका रविवारी पाहुणे यायच्या आधी मी बागेत गेलो. फोटोत त्या मळक्या चिंध्या वाईट दिसतील म्हणून तीन ओळींच्या खांबांवरून त्या सोडल्या आणि खिशात कोंबल्या. पाहुण्यांना दुसऱ्या बाजूला न्यायचं ठरवलं होतं. जेवणाच्या गडबडीत विसरलो. दुपारी एका पाहुण्याला उलट्या सुरू झाल्या. त्यानं त्यांतल्याच एका ओळीतली द्राक्षं खाल्ली होती. दवाखान्यातून तो संध्याकाळी बरा होऊन आला, पण सगळे माझ्या अंगावर आले. मी निवृत्तीकडे बोट दाखवलं. म्हणालो, हा चिंधी बांधायला विसरला.

निवृत्तीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या खिशातून लाल टोक बाहेर आलं होतं. ते त्याला दिसलं.

"नसंल बांधली मग," तो म्हणाला. फेट्याची घडी घालून ओट्यावर ठेवली आणि गेला.

पुढं गावात कुणी त्याला फवारणीला बोलावलं नाही. तो नामपूरला लेकीकडे राहायला गेला, कांदा निवडायला जाऊ लागला. मी एकदाच भेटायला गेलो. त्यानं चहा सांगितला, विचारलं, "हेडक्लार्क कसा हाय?" गेला, म्हणालो. मग आम्ही कांद्याच्या भावावर बोललो, आणि मी उठलो. मागच्या वर्षी लेकीचा फोन आला. निवृत्ती गेला होता.

आता खोल्यांना कुलपं आहेत. बायको नाही, मुलगा परदेशी. फवारणीनंतर चिंध्या मीच बांधतो. मणी तोडणारं कुणी नसतं तरी.

त्या एकदाच्या भेटीला नामपूरला जाताना एसटीत मी एवढंच पाठ केलं होतं: निवृत्ती, चिंधी तू बांधली होतीस. मी सोडली. मला माफ कर.