जिनो नाय, घाटी आसा

"इस्केमिक स्ट्रोक," डॉक्टर म्हणाले. म्हणजे गुठळीमुळे मेंदूच्या एका भागाचं रक्त अडलं. बाबांचा उजवा हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, त्यामुळे प्रत्येक रिपोर्ट माझ्याच हातात यायचा.

मुलुंडच्या हॉस्पिटलात बाबांना रिहॅबमध्ये हलवलं. रिहॅब म्हणजे आजारानंतर अंग पुन्हा कामाला लावायचा विभाग. तिथल्या फिजिओथेरपिस्ट वैशाली मॅडम मूळच्या कराडकडच्या, आवाज खणखणीत. बाबा वॉकर धरून कॉरिडॉरमध्ये चालू लागले, तसे डॉक्टर राउंडला म्हणाले, "छान. उद्या डिस्चार्ज. घरी जिना आहे?"

"जिनो नाय," बाबा म्हणाले. खोटं नव्हतं. भांडुपच्या टेकडीवर आमची बैठी खोली.

दुपारी व्यायाम घेताना मॅडमनी विचारलं, "काका, घरी जाऊन काय करणार?"

"बसान ऱ्हवतलंय. सगळी घाटी ती."

मॅडमचे हात थांबले. "मला घाटी म्हणता होय?"

"तुका नाय गो! वाटेक!" बाबा हसले. आजारानंतर पहिल्यांदाच, अर्ध्या तोंडाने.

मी सांगितलं, आमच्या कोकणात उभ्या चढाच्या वाटेला घाटी म्हणतात. खोलीपर्यंत रिक्षा जात नाही. वेड्यावाकड्या पायऱ्या, कठडा नाही. त्यांना आम्ही कधी जिना म्हटलंच नव्हतं.

मॅडम तडक डॉक्टरांकडे. "सर, हे सपाटीवर चालतात. यांचं घर सपाटीवर नाही. उद्या पाठवलं तर पडतील, नाहीतर वर कायमचे अडकतील."

"बेडला वेटिंग आहे."

"पडून परत आले की त्यांनाही बेड लागेलच ना, सर?"

डॉक्टरांनी डिस्चार्जचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पायऱ्या जमल्या की पाठवू."

मग हॉस्पिटलचा मागचा जिना हीच आमची शाळा. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा!" मॅडम ओरडायच्या. मी कुठे उभं राहायचं, तेही त्यांनीच शिकवलं.

आता आम्ही लिफ्टच्या घरात राहतो, तरी ती घाटी आठवते. तुमच्यावर अशी वेळ आली तर 'जिना नाही' एवढ्यावर थांबू नका. रिक्षातून उतरल्यापासून अंथरुणापर्यंतची सगळी वाट सांगा. ती विचारणारं माणूस आम्हाला भेटलं, त्यांचे उपकार आहेत.

मी बी.कॉम. झाले त्या संध्याकाळी बाबा ती घाटी दार-दार थांबत चढले होते. "माझां चेडू ग्रॅज्युएट झालां!" हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशीही ते त्याच दारांशी थांबले, दम खायला. कुणी स्टूल दिलं, कुणी पाणी.

शेवटच्या दारात पाटकर काकू उभ्या होत्या. "काय हो भाऊ, आज कोण पास झालं?"

बाबांनी चांगला पाय वर ठेवला, दुखरा ओढून घेतला आणि म्हणाले, "मीच."