जामबागच्या घराचं वायरिंग

आजवर कुणालाही, बायकोलासुद्धा, जे सांगितलं नाही ते आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर कच खाता येणार नाही. टाळेबंदीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या हाताखालच्या एका मुलीने गेम कन्सोलच्या ग्राफिक्स चिपचं मोजमाप केलं होतं. ते बरोबर होतं. बरोबर आहे हे मला ठाऊक होतं, कारण गुपचूप मीही तेच मोजून पाहिलं आणि माझ्याकडेही तेच आलं. मी माझे आकडे पुसून टाकले आणि तिला सांगितलं, तुमच्या जामबागच्या घराच्या वायरिंगमध्ये दोष आहे.

ते वायरिंग तिच्या वडिलांनी केलेलं होतं.

तिच्या वडिलांना मी काका म्हणतो. माझे वडील आणि ते दोघंही नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी हैदराबादला आले. वडील गेले, काका आहेत. काका रेल्वेत इलेक्ट्रिकल फिटर होते. मराठवाड्यातून आलेल्या आमच्या बौद्ध कुटुंबांपैकी ज्याने कुणी इथे चार भिंती उभ्या केल्या, त्याच्या भिंतींत काकांच्या हातची वायर आहे. मजुरी घ्यायचे नाहीत. चहा घ्यायचे, आणि काम झालं की घरातल्या सगळ्यात लहान पोराला उचलून पहिलं बटण त्याच्याकडून दाबून घ्यायचे. आमच्या तारनाक्याच्या घरातही त्यांनीच वायर टाकली. एप्रिलमधल्या जयंतीच्या मंडपातली रोषणाई तर त्यांचीच. तिथे दुसऱ्या कुणी टेस्टरला हात लावलेला त्यांना खपत नसे.

त्यांची मुलगी इंजिनिअर झाली तेव्हा मी तिचं नाव आमच्या ऑफिसात सुचवलं. ऑफिसात ती मला सर म्हणायची, रविवारी विहारात भेटली की दादा.

आमच्या छोट्या कंपनीचं काम असं: एखादा गेम बाजारात यायच्या आधी तो कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यावर, कसा चालेल ते तपासायचं. पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे एका सेकंदात एकामागून एक दाखवलेली साठ चित्रं. प्रत्येक चित्र काढायला ग्राफिक्स चिपला जेमतेम सोळा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात जमलं नाही तर चित्र अडखळतं, आणि खेळणारा शिव्या घालतो. प्रत्येक चित्राला किती वेळ लागला याचा आम्ही आलेख काढायचो. रेघ सरळ असेल तर चिप निवांत आहे. करवतीसारखे दात दिसले तर कुठेतरी तिचा दम निघतोय, आणि तो का निघतोय हे शोधायचं. सावल्या जास्त आहेत, धूर जास्त आहे, की मेमरीतून माल वेळेवर येत नाही. हे काम मला आवडायचं. अजूनही आवडतं, हेच वाईट.

त्या उन्हाळ्यात ऑफिस बंद होतं. कन्सोल घरी आणले होते, एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. मोजायची पद्धत मी लिहून दिली होती. त्यात एक ओळ होती: खोलीचं तापमान सामान्य असावं.

माझा कन्सोल आमच्या बेडरूममध्ये एसीच्या झोतासमोर होता. तिथे टेबल होतं म्हणून तिथे ठेवला. दुसरं काही मनात नव्हतं, खरंच नव्हतं. दुपारी दार लावून मी आत बसायचो आणि बाहेर हॉलमध्ये बायको घाम पुसत भाजी निवडायची. एकदा दारात येऊन म्हणाली, "त्या डब्याला काय काय लाड. आम्हीपण साठ चित्रं काढून दाखवू का? थोडी हवा मिळेल."

मी हसलो. तिने केवढी मोठी गोष्ट सांगितली होती ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

माझी रेघ सरळ आली. मी अहवाल लिहिला, चिप स्थिर आहे, शेवटपर्यंत दम टिकतो. गिऱ्हाईक खूश, मॅनेजर खूश. त्याच आठवड्यात मॅनेजरने फोनवर हळूच सांगितलं की टीम कमी करायची आहे, पण तुझं काही नाही, तू तो अहवाल दिलास ना.

आणि मग तिचा आलेख आला. पहिला अर्धा तास रेघ सरळ. त्यानंतर दात.

"सर, तापल्यावर चिप स्वतःचा वेग कमी करतेय," ती म्हणाली. "स्वतःला वाचवायला. माझ्या खोलीत तर भट्टी आहे, वर डायरेक्ट गच्ची."

"व्होल्टेज बघितलंस?"

"स्टॅबिलायझर लावलाय, सर."

"मग बोर्ड लूज असेल. अर्थिंग असेल. एकदा वायरिंग बघून घे."

हे मी बोलताना विचार करून बोललो नव्हतो. तोंडाला आलं ते बोललो. आमच्या धंद्यात ही सवयच असते, दुसऱ्याचा आकडा आपल्याशी जुळला नाही की आधी त्याच्या मांडणीवर बोट ठेवायचं. तोपर्यंत तो गुन्हा नव्हता.

गुन्हा दुसऱ्या दिवशी घडला. बायको खाली गेली होती. मी कन्सोल उचलून हॉलमध्ये आणला, पंखासुद्धा बंद केला आणि तोच गेम लावून बसलो. अर्धा तास रेघ सरळ. मग दात आले. तिच्या आलेखावर माझा ठेवला असता तर एकच दिसला असता. मी घामाने भिजलो होतो आणि समोर माझ्याच हाताने लिहिलेला शब्द होता, सामान्य. मी वाढलो ती खोली वरच्या मजल्याची होती. उन्हाळ्यात आम्ही फरशीवर पाणी ओतून त्यावर झोपायचो. एसीतल्या बेडरूमला सामान्य म्हणण्याइतका मी कधी बदललो, ते मला आठवेना.

अहवाल परत मागवता आला असता. एक मेल लिहायची होती. पण टीम कमी होत होती, मुलाची फी होती, घराचा हप्ता होता. आणि आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला जास्त जड जाते. ऑफिसात आमच्याकडचे आम्ही दोघंच. मला वाटलं, चूक निघालीच तर ती तिची निघू दे, ती लहान आहे, तिला पुन्हा उठता येईल. माझी निघाली तर लोक म्हणतील, अशांना घेतलं की असंच होतं. असं कुणी म्हणालं नव्हतं. मीच ते सगळ्यांच्या तोंडी घातलं, आणि त्या भीतीची किंमत तिच्याकडून वसूल केली.

मी तो आलेख पुसला. कन्सोल परत एसीसमोर ठेवला.

संध्याकाळी तिचा फोन आला. या वेळी सर म्हणाली नाही.

"दादा, खरं सांगा. माझी चूक आहे का?"

"तुझी नाही," मी म्हणालो. "वायरिंगचीच आहे. मी खात्री केली."

पुढचं मला तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. काकांनी ते ऐकलं आणि जेवले नाहीत. सकाळी थोडा वेळ दुकानं उघडायची, त्या वेळात मास्क लावून विजेच्या सामानाच्या ट्रूप बाजारात गेले, नवीन वायरची बंडलं आणली. मग त्या भट्टीत स्टुलावर उभं राहून, एवढ्या वयात, त्यांनी घरातली सगळी वायर ओढून काढली आणि पुन्हा घातली. मुलगी नको नको म्हणत होती. ते म्हणाले, "माझ्यामुळे तुझी नोकरी जायला नको."

नव्या वायरवरही दात आलेच.

तेव्हा तरी त्यांना कळायला हवं होतं की दोष वायरचा नाही. पण काकांनी वेगळाच निष्कर्ष काढला. ते म्हणाले, माझा हात गेला. दोनदा घातली, दोनदा चुकली. त्यांनी टेस्टर, पक्कड, सगळं पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं.

मॅनेजरने तिला मोजमापातून काढून कागदपत्रांच्या कामाला लावलं. वर्षभराने ती सोडून गेली. आता दुसऱ्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकते. गेम बाजारात आल्यावर गरम गावांतून तक्रारी आल्या, तेव्हा गिऱ्हाइकाने मला विचारलं आणि मी उत्तर लिहिलं: कन्सोल हवेशीर जागी ठेवावा. आज मी त्या विभागाचा प्रमुख आहे. नवीन पोरांना माझीच पद्धत शिकवतात, त्यात ती ओळ अजून आहे. ती बदलायची तर का बदलली हे सांगावं लागेल.

खोटं एकदा भिंतीत गेलं की ते तिथे गप्प बसत नाही. दोन वर्षांपूर्वी बायको म्हणाली, "आपलंही काकांनीच केलंय ना? त्यांचं चुकतं असं तुम्हीच सांगितलं होतं. बदलून घ्या, आग लागली म्हणजे?"

वायरमन बोलावला. त्याने पहिला स्विचबोर्ड उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"साब, ये तो चकाचक है. काय को निकाल रै?"

"निकालो," मी म्हणालो.

"पैसा आपका, डालनेवाले मियाँ की मेहनत मुफ्त में गई," तो म्हणाला, आणि वायर ओढायला लागला. भिंतीतून ती सळसळत बाहेर यायची, जागच्या जागी रंग, जागच्या जागी गाठ. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

पुढच्या रविवारी विहारात काकांना ते कळलं होतंच. आमच्यात काही लपत नाही, एवढं एक सोडून. त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्यासाठी शेजारची जागा धरली होती. वंदना झाल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंत भाऊ, बदललंत ते. मीच सांगणार होतो, लाज वाटत होती."

मी म्हणालो, "जुनं झालं होतं काका."

"जुनं नाही, चुकीचं. तुम्ही पकडलंत म्हणून कळलं. नाहीतर एखाद्याच्या घरी जीव गेला असता."

तेव्हापासून दर रविवारी मी त्या जागेवर बसतो. गेलो नाही तर ते फोन करतात, तब्येत बरी आहे ना. शहर सोडायचाही विचार केला. पण कुठेही गेलो तरी बटण दाबावं लागणारच, आणि बटण दाबलं की ते आठवणारच.

या वर्षी जयंतीला भर दुपारी मंडपातला माईक आणि पंखे एकदम बंद पडले. रोषणाई आता ठेकेदाराची असते, त्याचा माणूस फोन उचलेना. बायका पोरांना पदराने वारा घालत होत्या. कुणीतरी सवयीने हाक मारली, "काका, बघा की जरा."

काका पहिल्या रांगेत होते. उठलेसुद्धा. बोर्डापर्यंत चार पावलं गेले आणि थांबले. उजवा हात वर गेला होता, तो त्यांनी पाठीमागे नेला आणि डाव्या हातात धरून ठेवला.

"नको बाबा," ते म्हणाले. "आता माझ्या हाताचा भरवसा नाही. साहेबांना विचारा. त्यांनीच पकडलं होतं."

लोक हसले. त्यांना ती थट्टा वाटली. काकांची मुलगी बाजूच्या रांगेत होती, ती हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत आहे की नाही, ते मला सांगता येणार नाही. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. ती वेळ होती. माईक बंद होता, साध्या आवाजात सांगता आलं असतं, सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

मी म्हणालो, "ठेकेदाराला पुन्हा फोन लावा."

मग तो आला, पंखे फिरायला लागले. मला स्टेजवर बोलावून शाल दिली, शिक्षण आणि प्रामाणिकपणा यावर दोन शब्द बोलायला लावले. मी बोललो. काका टाळ्या वाजवत होते.

हे मी मराठीत लिहितोय कारण काका मराठी वाचतात, चष्मा लावून, अक्षर न् अक्षर. मुलगी वाचत नाही, तिला वेळ लागतो, कंटाळा येतो. नावं टाकलेली नाहीत. ओळखीचं वाटलं तरी काका मनाशी म्हणतील, कुणा दुसऱ्याचीच गोष्ट आहे, बिचारा. ही पळवाट मी ठेवली आहे हे मला कळतं.

म्हणून जे राहिलंय ते साधं लिहितो. मोजमाप बरोबर होतं आणि वायरिंगही बरोबर होतं, दोन्ही वेळा. हे जामबागच्या त्या वरच्या खोलीत जाऊन, बाप-लेकीसमोर बसून, माझ्या तोंडाने मला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.