उखळातला हात

अफुआ दुफीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. माम्पोंगच्या मोटार स्थानकामागे माई कोनाडूची खाणावळ होती. तिथे आधी कसावा सोलायचा, उकडायचा आणि मग तो कुटून त्याचा मऊ, चिकट फुफू करायला उखळापाशी बसायचं. क्वाकू न्तियामोआ उभ्याने लांब मुसळ हाणायचा. दोन घावांच्या मध्ये अफुआ ओल्या हाताने फुफूचा गोळा उलटायची. जोर त्याचा, अदमास तिचा. इतक्या वर्षांत तिचं बोट एकदाही मुसळाखाली आलं नव्हतं. आळशी माणसाबरोबर ती बसतच नसे.

शनिवारी दुपारी त्याच अंगणात लेखक यायचे. ही बाफो मास्तरांची खटपट. विज्ञानावर, यंत्रांवर, त्यांनी बदललेल्या गावांवर लिहिणाऱ्यांना बोलवायचं आणि ड्रायव्हर, शिंपिणी, भाजीवाल्यांसमोर बोलतं करायचं. एकदा मास्तरांचा घसा बसला, म्हणून त्यांनी अफुआला पुढे केलं. पाहुण्याचा घाव पडू द्यायचा आणि लगेच गोळा उलटायचा, तसे तिचे प्रश्न. मास्तरांचा घसा सुधारला, पण लोकांनी त्यांना त्या खुर्चीत परत बसू दिलं नाही. येणाऱ्या पाहुण्याचं पुस्तक मात्र ते आठवडाभर तिला वाचून दाखवत. न ऐकता प्रश्न विचारणं म्हणजे फुकटचं जेवणं, असं ती म्हणे.

आरबा एसिल्फी ही लेखिका आली त्या आठवड्यात माईने सांगून टाकलं होतं, की पुढच्या महिन्यात फुफूचं यंत्र येणार. मग मुसळही नको, उखळातला हातही नको. अफुआने हे बाहेर कुणाला कळू दिलं नाही.

तिने रीतीप्रमाणे पाहुणीला उजव्या हाताने पाणी दिलं आणि रीतीप्रमाणेच म्हणाली, "इथे सगळं ठीक आहे. वाट तुम्ही चालून आलात. काय सांगणं घेऊन आलात?"

एसिल्फीबाईंचं पुस्तक स्वयंपाकाच्या यंत्रांवर होतं. गिरण्या आल्या तेव्हा कुणाची पाठ वाचली आणि कुणाचं पोट मारलं गेलं, ते त्यांनी सांगितलं. अफुआ विचारत गेली, बोलणं रंगलं. मध्येच बाई थांबल्या.

"अफुआताई, पाणी देऊन सगळं ठीक आहे म्हणालात. मग तुमचा मुसळवाला मयताला आल्यासारखा का उभा आहे?"

लोक हसले. "माझं तोंडच असं आहे, बाई," क्वाकू म्हणाला.

अफुआला वेळ मारून नेता आली असती. पण पाणी देऊन आपण खोटं बोललो, हे तिला बोचलं. माईच्या देखत तिने सगळं सांगितलं.

"मग मी काय करू?" माई म्हणाली. "पलीकडच्या खाणावळीत यंत्र आलंय. तुमच्या घामासाठी गिऱ्हाईक थांबतंय होय?"

 अफुआने पाहुणीकडे वळून विचारलं, "तुम्ही फिरलात त्या गावांत, हाताने काम करणारं कुणी टिकलं का?"

"टिकले. यंत्र जिथे त्यांचं स्वतःचं होतं, तिथे. इतर ठिकाणी मला तरी कुणी सापडलं नाही."

अफुआने क्वाकूकडे पाहिलं. क्वाकूने मान डोलावली.

"माई, यंत्र तुम्ही आणू नका. आम्ही दोघं आणतो, फुफू आमच्याकडून घ्या. पैसे जमवायला पावसाळा संपेपर्यंत मुदत द्या."

"आणि तोवर हात ढिला पडला तर?"

"तर त्याच दिवशी तुमचं आणा."

हात ढिला पडला नाही. खाणावळ उरकली की क्वाकू स्थानकावर ट्रकमध्ये सुरणाची पोती चढवायचा. अफुआ संध्याकाळी केळ्यांच्या घडांची ओझी वाहायची. रोजची मजुरी रोज भिशीवाल्याच्या हातात. माई कुरकुर करायची, पण फुफू चाखून पाहिल्यावर तिला कधी गाठ सापडली नाही.

पाऊस ओसरला आणि कुमासीहून एका गाडीच्या टपावर यंत्र आलं. पाट्या रंगवणाऱ्याने त्यावर दोघांची नावं लिहिली. क्वाकू बटण दाबतो. अफुआ अजूनही ओला हात गोळ्यावरून फिरवते, आणि गाठ लागली की गोळा परत यंत्रात घालते. शनिवारी ते बंद ठेवतात, नाहीतर लेखकाचं ऐकू येत नाही. अफुआ पाहुण्याला पाणी देते, इथे सगळं ठीक आहे म्हणते. पाहुण्याने आसपास पाहिलं, तर मागे ते यंत्र दिसतं, त्या दोघांच्या मजुरीचं.